अर्थमंत्र्यांचे उत्तर आणि ठेवीदाराची ठेव

लोकसभेच्या कामकाजाचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो, आणि वारांच्या सध्याच्या वाटणीप्रमाणे सोमवारी त्या तासात ज्या खात्यांना सभागृहापुढे रुजू व्हावे लागते त्यांत अर्थखाते असते. सकाळी अकराच्या ठोक्याला अध्यक्ष प्रश्नकर्त्या सदस्याचे नाव पुकारतात, सदस्य उठून आपल्या प्रश्नाचा केवळ क्रमांक उच्चारतो, आणि अर्थमंत्री, उत्तराचे निवेदन सभागृहाच्या पटलावर ठेवीत आहोत, एवढे एकच वाक्य बोलून खाली बसतात. प्रेक्षकांच्या सज्जात प्रथमच आलेल्या गृहस्थाला हा विधी इतका कोरडा वाटतो की, ज्या तासाचे एवढे माहात्म्य ऐकले तो हाच काय, अशी शंका त्याच्या मनात यावी. परंतु छापील उत्तर पटलावर पडल्यानंतरच खऱ्या कसोटीला आरंभ होतो. कारण मूळ प्रश्न मंत्र्यांना कित्येक दिवस आधी ठाऊक असतो, पण त्याच्या पाठोपाठ येणारा पुरवणी प्रश्न कोणत्या दिशेने येईल हे त्यांना, त्यांच्या सचिवांना आणि अधिकाऱ्यांच्या सज्जात फायली उघडून बसलेल्या साऱ्या लवाजम्यालाही ठाऊक नसते.

‘अर्थमंत्र्यांनी लोकसभेत एका लेखी उत्तरात सांगितले’ या शब्दांनी सुरू होणारी बातमी आपण वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा तरी वाचतो आणि तिच्यातील आकड्याने क्षणभर स्तिमित होऊन पुढच्या पानाकडे वळतो. त्या एका ओळीमागे किती खात्यांची धावपळ, किती कलमांची सावधगिरी आणि कधीकधी किती ठेवीदारांचे अश्रू असतात याची कल्पना त्या ओळीवरून येत नाही. बँकांना सरकारने दिलेला आधार आणि त्या आधारासाठी केलेले कायदे हा विषय तर असा आहे की, त्याचा अर्ध्याहून अधिक इतिहास संसदेतील प्रश्नांच्या आणि उत्तरांच्या रूपानेच दफ्तरी नोंदला गेला आहे. तो वाचण्याची सवय सामान्य माणसाने लावून घ्यावी, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. आणि असे वाटण्याचे कारण राजकारणाची आवड हे नसून, आपली आयुष्याची पुंजी ज्या कायद्यांच्या भरवशावर ठेवलेली असते ते कायदे कसे जन्मतात हे त्या उत्तरांतून जितके स्पष्ट दिसते तितके इतरत्र दिसत नाही, हे आहे.

प्रश्न सभागृहापर्यंत पोचतो तो असा. सदस्याला सामान्यतः पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. सूचनांचा अग्रक्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. आणि एका दिवसाच्या यादीत तोंडी उत्तराचे, म्हणजे तारांकित, वीस आणि केवळ लेखी उत्तराचे, म्हणजे अतारांकित, दोनशे तीस प्रश्न येतात. प्रश्न मंजूर झाला की तो अर्थमंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाकडे जातो, तेथून रिझर्व्ह बँकेकडे आणि संबंधित बँकांकडे माहितीची मागणी होते, आलेल्या आकड्यांची जुळवाजुळव करून मसुदा तयार होतो, आणि त्याच्यासोबत संभाव्य पुरवणी प्रश्नांची व त्यांच्या उत्तरांची एक जाडजूड टिपणवही मंत्र्यांच्या हाती दिली जाते. वीस तारांकित प्रश्नांपैकी एका तासात जेमतेम चार-सहा प्रश्नांना तोंडी उत्तर मिळते. उरलेल्यांची उत्तरे लेखी समजली जातात. आपल्या विधानमंडळाच्या छापील याद्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ ही चौकट आणि तिच्यासमोरची ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’ ही उत्तरे चांगली परिचित असतील. दिल्लीची भाषा निराळी असली तरी उत्तर देणाऱ्या कारकुनी बुद्धीचा स्वभाव तोच. शक्य तितके खरे बोलावे आणि शक्य तितके कमी बोलावे.

प्रश्न विचारण्याचा हा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलांतील सभासदांना प्रथम प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, पण उत्तरावर उलट प्रश्न करण्याची नाही. ती १९०९ साली मूळ प्रश्नकर्त्यापुरती आणि १९१९ च्या कायद्यानंतर इतर सभासदांनाही मिळाली. गोखल्यांच्या पिढीने इंग्रज सरकारच्या जमाखर्चाची चिरफाड केली ती मुख्यतः अंदाजपत्रकावरील भाषणांतून. मंत्र्याला जागच्या जागी उभे करून ‘मग त्याचे काय झाले?’ असे विचारण्याचे शस्त्र त्यांच्या हाती पुरते आलेच नव्हते.

ते शस्त्र स्वतंत्र भारतात किती धारदार ठरू शकते हे १९५७ साली दिसले. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले होते. सप्टेंबरमध्ये त्याविषयी लोकसभेत प्रश्न निघाला; उत्तरे मिळत गेली, पण त्यांनी सदस्यांचे समाधान होईना; आणि १६ डिसेंबरला फिरोझ गांधी यांनी, स्वतः सत्ताधारी पक्षाचे सदस्य आणि पंतप्रधानांचे जामात असूनही, त्या व्यवहाराची अशी काही छाननी सभागृहात केली की सरकारला चौकशी नाकारणे अशक्य झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत उघड सुनावणी घेतली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. त्यानंतरच्या प्रत्येक अर्थमंत्र्याच्या टिपणवहीवर त्या प्रकरणाची छाया पडलेली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. अपुऱ्या उत्तराची किंमत पूर्ण उत्तरापेक्षा अधिक पडते, हे तेव्हा सिद्ध झाले. अर्थात तो धडा प्रत्येक वेळी पाळला गेला, असे मात्र म्हणवत नाही.

तथापि अर्थमंत्र्याची अडचण इतर मंत्र्यांपेक्षा वेगळी असते हेही मान्य केले पाहिजे. रेल्वेमंत्र्याने एखादा पूल कमकुवत आहे असे सांगितले म्हणून तो पूल त्या सांगण्याने कोसळत नाही; परंतु अमुक बँक कमकुवत आहे असे अर्थमंत्री सभागृहात बोलले, तर दुसऱ्या दिवशी त्या बँकेच्या दाराशी रांग लागून ती बँक खरोखरच बसू शकते. कोणतीही बँक सर्व ठेवीदारांची रक्कम एकाच दिवशी परत देऊ शकेल इतकी रोकड बाळगीत नाही. ठेवी कर्जाऊ दिलेल्या असतात, आणि कर्जे मुदतीने फिटायची असतात. सर्वांनी एकाच वेळी मागणी करू नये, एवढ्या एका सामाईक विश्वासावर हा सारा व्यवहार उभा असतो. म्हणून मंत्र्याने खरे बोलावे तर घबराट, आणि धीर द्यावा तर उद्या बँक बुडाल्यावर फसवणुकीचा आरोप, असा हा पेच आहे.

हा पेच १९६० साली मोरारजी देसाई यांच्यापुढे उभा राहिला. त्या वर्षी दोन शेड्यूल्ड बँका बुडाल्या. एक आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक आणि दुसरी केरळातील पलाई सेंट्रल बँक. संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेचा आनंद ताजा असतानाच वऱ्हाडातील व्यापाऱ्यांना आणि पेन्शनरांना हा आघात सोसावा लागला, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. पलाईची बँक तर केरळातील सर्वांत मोठी बँक गणली जाई. ८ ऑगस्ट १९६० रोजी रिझर्व्ह बँकेने तिचे दिवाळे काढण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज केला आणि एका दिवसात तिची दारे बंद झाली. संसदेत त्यावर दोन परस्परविरुद्ध दिशांनी टीका होणे स्वाभाविक होते. बँकेची प्रकृती ठीक नाही हे रिझर्व्ह बँकेला तपासणीतून वर्षानुवर्षे ठाऊक होते, तर इतका विलंब का, असे एका बाजूचे म्हणणे. आणि एवढी मोठी बँक वाचविण्याचा प्रयत्न न करता तिचा गळा का आवळला, असे दुसऱ्या बाजूचे. अर्थमंत्र्यांनी रिझर्व्ह बँकेच्या निर्णयाची पाठराखण केली, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तसा अर्ज करण्याचा रिझर्व्ह बँकेचा अधिकार वैध ठरविला. पण ठेवीदाराला कायद्याची वैधता घेऊन काय करायचे होते? त्याला आपले पैसे हवे होते, आणि त्यांची हमी देणारी तरतूद कायद्यात तेव्हा नव्हती.

ती करण्यात सरकारने मात्र दिरंगाई केली नाही. त्याच वर्षी बँकिंग कंपन्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, एखाद्या बँकेचे व्यवहार काही काळ स्थगित ठेवून तिची पुनर्रचना करण्याचा किंवा तिला दुसऱ्या सुदृढ बँकेत विलीन करण्याचा अधिकार सरकारला व रिझर्व्ह बँकेला मिळाला. हेच ते सुप्रसिद्ध ४५ वे कलम. पाठोपाठ २१ ऑगस्ट १९६१ रोजी ठेव विमा महामंडळाचे विधेयक संसदेत मांडले गेले आणि १ जानेवारी १९६२ पासून कायदा अमलात आला. दर ठेवीदारामागे दर बँकेत दीड हजार रुपयांपर्यंतच्या ठेवीची हमी त्या कायद्याने दिली. वस्तुतः ही कल्पना नवी नव्हती. बंगालमधील बँकांच्या संकटानंतर १९४८ पासून तिची चर्चा चालू होती आणि १९५० च्या ग्रामीण बँकिंग चौकशी समितीने तिला अनुकूलता दर्शविली होती. बारा वर्षे जी तजवीज अहवालांत पडून राहिली ती दोन बँका बुडताच सव्वा वर्षात विधेयक होऊन संसदेपुढे आली. आपल्याकडील बँकविषयक कायद्यांची जन्मकथा बहुतेक वेळा अशीच आहे. विमा महामंडळ सुरू झाले तेव्हा नोंदविलेल्या २८७ व्यापारी बँका १९६७ अखेर १०० वर आल्या, तेव्हा ४५ व्या कलमाने किती पेढ्या मोठ्या बँकांच्या पोटात घातल्या याचा अंदाज येतो.

ठेव विम्याची मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढत १९८० साली तीस हजारांवर आणि १९९३ साली एक लाखावर आली, सहकारी बँकांनाही १९६८ च्या दुरुस्तीने त्या छत्राखाली येण्याची वाट मोकळी झाली, आणि मग सत्तावीस वर्षे त्या एक लाखात एका रुपयाचीही भर पडली नाही. मधल्या काळात ४५ वे कलम महाराष्ट्राने दोनदा जवळून पाहिले. २००६ च्या जानेवारीत कुरुंदवाडची गणेश बँक आणि सप्टेंबरात साताऱ्याची, १९३६ साली स्थापन झालेली, युनायटेड वेस्टर्न बँक यांचे व्यवहार स्थगित झाले. पहिली फेडरल बँकेत आणि दुसरी महिन्याभरात आयडीबीआयमध्ये विलीन झाली. नावे गेली, त्याबरोबर गावाचा अभिमानही गेला. ठेवी मात्र वाचल्या.

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे आपल्या बोलण्यातील ‘पीएमसी’वर, निर्बंध घातले, तेव्हा मात्र तसे घडले नाही. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे त्र्याहत्तर टक्के, साडेसहा हजार कोटींवर रक्कम, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गुंतली होती आणि ती हजारो बनावट खात्यांच्या आड लपविण्यात आली होती. नऊ लाखांवर ठेवीदारांना प्रथम सांगण्यात आले की, सहा महिन्यांत एक हजार रुपये काढता येतील. ती मर्यादा मग दहा हजार, पंचवीस हजार, चाळीस हजार अशी सरकत नोव्हेंबरात पन्नास हजारांवर आली. ऑक्टोबरात मुंबईस आलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना ठेवीदारांनी गाठले तेव्हा, नियमनाचा अधिकार रिझर्व्ह बँकेचा आहे हे त्यांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होते; पण ज्याची औषधपाण्याची रक्कम अडकली आहे त्याला अधिकारविभागणीचे तत्त्व समजावून सांगणे हे कोणत्याही मंत्र्याला जमण्यासारखे काम नाही.

हिवाळी अधिवेशनात हा विषय प्रश्नोत्तरांत आला. पन्नास हजारांच्या मर्यादेमुळे बँकेच्या सुमारे अठ्ठ्याहत्तर टक्के ठेवीदारांना आपल्या खात्यातील संपूर्ण रक्कम काढता येईल, असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. हा आकडा खरा होता, आणि तरीही त्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण संसदेतील उत्तर कसे वाचावे याचा इतका उत्तम पाठ दुसरा सापडणार नाही. अठ्ठ्याहत्तर टक्के हे ठेवीदारांचे प्रमाण आहे, ठेवींचे नाही. नऊ लाख पंधरा हजार ठेवीदारांच्या अठ्ठ्याहत्तर टक्के म्हणजे सुमारे सात लाख चौदा हजार माणसे. त्या प्रत्येकाच्या खात्यात अगदी पुरते पन्नास हजार होते असे धरले तरी ती रक्कम साडेतीन हजार कोटींच्या आसपास भरते, आणि बँकेच्या एकूण ठेवी तर साडेअकरा हजार कोटींच्या वर होत्या. म्हणजे या अठ्ठ्याहत्तर टक्क्यांची मोकळी झालेली रक्कम कितीही उदारपणे मोजली तरी एकतृतीयांशाच्या आतच राहते. उरलेले दोनतृतीयांश ज्या बावीस टक्क्यांचे, त्यांत निवृत्तीची सारी पुंजी एकाच ठिकाणी ठेवणारे वृद्ध होते, गृहनिर्माण संस्था होत्या, लहान दुकानदार होते. मंत्र्यांनी असत्य सांगितले नाही. त्यांनी उत्तरासाठी सोयीचा छेद निवडला, आणि तो निवडण्याचा त्यांना हक्क आहे. त्या छेदाला दुसरा छेद देणारा पुरवणी प्रश्न विचारणे हे सदस्याचे काम, आणि ते न झाल्यास घरी बसून त्रैराशिक मांडणे हे वाचकाचे.

याच सुमारास दुसरे एक उदाहरण घडले आणि त्याने तुलना अटळ केली. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेचे व्यवहार स्थगित झाले, तेथेही पन्नास हजारांची मर्यादा आली. पण भारतीय स्टेट बँकेच्या पुढाकाराने भांडवल उभे राहून १८ मार्चला, अवघ्या तेरा दिवसांत, सारे निर्बंध उठले. पीएमसीच्या ठेवीदारांना मात्र अठ्ठावीस महिने थांबावे लागले. मोठ्यांना एक न्याय आणि लहानांना दुसरा, असा आक्रोश तेव्हा झाला आणि तो अगदी निराधार नव्हता. तथापि त्याच्या मुळाशी पक्षपातापेक्षा कायद्यातील एक जुनी फट अधिक होती. येस बँक ही व्यापारी बँक असल्याने तिला ४५ वे कलम लागू होते. सहकारी बँकांवर मात्र १९६६ पासून दुहेरी अंमल चालत आला होता. बँकिंगचा भाग रिझर्व्ह बँकेकडे, आणि नोंदणी, निवडणुका, संचालक मंडळ व विसर्जन हा भाग सहकार निबंधकाकडे. दोन धन्यांच्या या चाकरीत आजारी सहकारी बँकेची तडकाफडकी पुनर्रचना करून ती दुसऱ्याच्या हवाली करण्याचा पुरेसा अधिकार रिझर्व्ह बँकेपाशी नव्हताच.

तो देणारे बँकिंग नियमन दुरुस्ती विधेयक, आधी जूनमध्ये वटहुकूम काढून, २०२० च्या सप्टेंबरात संसदेने मंजूर केले. सहकार हा राज्यांचा विषय असताना केंद्राने त्यात हात घालावा काय, असा आक्षेप घेतला गेला. तेव्हा, ही दुरुस्ती केवळ बँकिंगचा व्यवसाय करणाऱ्या सहकारी बँकांपुरती आहे, प्राथमिक कृषी पतसंस्थांना ती लागू नाही आणि निबंधकाचे अधिकारही ती काढून घेत नाही, असा खुलासा अर्थमंत्र्यांनी केला. या प्रसंगातील एक विसंगती मात्र नोंदवून ठेवण्यासारखी आहे. महामारीचे कारण सांगून त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द करण्यात आला होता; अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तरे मिळत होती, पण पुरवणी प्रश्न नव्हता. लाखो ठेवीदारांच्या हिताचा इतका महत्त्वाचा कायदा, अर्थमंत्र्यांना आडवा प्रश्न विचारण्याची सोय नसलेल्या अधिवेशनात झाला. चर्चा झाली हे खरे. तथापि चर्चेत मंत्री शेवटी एकदाच बोलतात आणि अडचणीचा मुद्दा सोडून देऊ शकतात, जी सवलत प्रश्नोत्तरात त्यांना नसते.

४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा पाच लाख झाली होतीच. उरला होता तो विलंबाचा प्रश्न. जुन्या कायद्याप्रमाणे विम्याची रक्कम बँक विसर्जित झाल्यावर किंवा विलीन झाल्यावरच मिळे. बँक नुसतीच निर्बंधांखाली तिष्ठत राहिली तर विमा असूनही हाती काही येत नसे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये संमत झालेल्या दुरुस्तीने ही उणीव भरून काढली. निर्बंध लागल्यापासून पंचेचाळीस दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी विमा महामंडळाला द्यावी, पुढील तीस दिवसांत महामंडळाने ती तपासावी, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत पैसे द्यावेत, असा नव्वद दिवसांचा क्रम कायद्यात लिहिला गेला. साठ वर्षांच्या इतिहासात ठेवीदाराच्या बाजूने झालेली ही सर्वांत सरळ सुधारणा होय, असे माझे स्पष्ट मत आहे. पीएमसी बँक २५ जानेवारी २०२२ रोजी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतची रक्कम विम्यातून मिळाली, आणि त्यावरील रकमेसाठी वैयक्तिक ठेवीदारांना हप्त्याहप्त्याने दहा वर्षांपर्यंतची मुदत घालून देण्यात आली. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षांची मुदत देणारी योजना कायदेशीर असली, तरी तिला न्याय म्हणण्यास माझी लेखणी धजत नाही.

याच्या उलट सरकारी बँकांच्या बाबतीत आधाराला मुदत किंवा मर्यादा फारशी आड आली नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये अरुण जेटली यांनी या बँकांसाठी दोन लाख अकरा हजार कोटींच्या भांडवलाची योजना जाहीर केली, त्यांतील एक लाख पस्तीस हजार कोटी रोख्यांतून येणार होते. या रोख्यांची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. सरकार रोखे काढते. ते बँका आपल्याजवळच्या पैशाने विकत घेतात. आणि आलेला तोच पैसा सरकार भागभांडवल म्हणून त्याच बँकांत घालते. बँकेचे भांडवल कागदोपत्री आणि कायद्यानेही वाढते, खजिन्यातून तत्काळ रोकड जात नाही, पण रोख्यांवरील व्याज वर्षानुवर्षे करदात्यांच्या पैशांतून द्यावे लागते. २०१६-१७ पासूनच्या पाच वर्षांत सरकारने अशा व इतर मार्गांनी सरकारी बँकांत तीन लाख कोटींहून अधिक भांडवल घातले. त्याचे समर्थन होऊ शकते. सरकारी बँक बुडू देणे हे तिला वाचविण्यापेक्षा महाग पडले असते, हा युक्तिवाद बिनतोड आहे. तरी हे भांडवल कोणाच्या बुडीत कर्जांमुळे खर्ची पडले, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

आणि नेमक्या याच प्रश्नाशी उत्तरांचा हात आखडतो. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यसभेत दिलेल्या लेखी उत्तरानुसार, आधीच्या पाच आर्थिक वर्षांत बँकांनी दहा लाख नऊ हजार कोटींवर कर्जे निर्लेखित केली. हा आकडा ऐकून कोणाचेही डोके चक्रावावे. म्हणूनच अशा प्रत्येक उत्तरात एक खुलासा ठरलेला असतो की, निर्लेखन म्हणजे कर्जमाफी नव्हे, ऋणकोची जबाबदारी कायम राहते आणि वसुलीची कारवाई चालूच असते. हिशेबाच्या दृष्टीने खुलासा अचूक आहे; बुडीत कर्जासाठी पूर्ण तरतूद करून ते ताळेबंदातून उतरविणे ही सर्वत्र रूढ असलेली पद्धत आहे. पण त्याच उत्तरात पुढे असेही होते की, त्या काळात निर्लेखित खात्यांतून वसूल झालेली रक्कम एक लाख बत्तीस हजार कोटी. ही वसुली काही अंशी त्याआधीच्या वर्षांतील खात्यांचीही असणार हे गृहीत धरूनही, शंभर रुपये उतरविले तर सुमारे तेरा परत आले, असा ढोबळ हिशेब निघतो. जबाबदारी कायम राहिली. पैसे फारसे आले नाहीत. ऋणकोंची नावे विचारली की रिझर्व्ह बँक अधिनियमाचे ४५-ई हे कलम पुढे केले जाते, ज्याने कर्जदाराविषयीची पतविषयक माहिती गोपनीय ठरविली आहे. प्रामाणिक कर्जदाराला हे संरक्षण असावे याविषयी दुमत नाही. परंतु ज्याच्या बुडीत कर्जाची भरपाई जनतेच्या पैशातून झाली त्याच्याही नावावर तेच पांघरूण घालावे, हे मला कधीच पटलेले नाही.

सदस्यांच्या आणि लोकांच्या प्रश्नांनी सरकारला माघार घ्यावी लागल्याचेही एक उदाहरण येथे दिले पाहिजे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये वित्तीय संस्थांच्या दिवाळखोरीविषयीचे जे विधेयक लोकसभेत आले, त्यात बुडत्या बँकेला वाचविण्यासाठी तिच्या देण्यांचे भागभांडवलात रूपांतर करण्याची मुभा देणारे एक कलम होते. आपली ठेव आपल्याला न विचारता भागांत बदलली जाईल, या भीतीने देशभर अस्वस्थता पसरली. अर्थमंत्र्यांनी वारंवार आश्वासने दिली, पण ती पुरली नाहीत, आणि अखेर ऑगस्ट २०१८ मध्ये विधेयक मागे घेण्यात आले. लोकांची भीती काहीशी अवास्तव होती हे कबूल केले तरी, ठेवीदारांच्या मनातील शंका हीसुद्धा कायद्याच्या मसुद्याइतकीच दखलपात्र गोष्ट असते, हे त्या प्रसंगाने दिल्लीला शिकविले.

मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द हवेत विरून जाऊ नये याचीही व्यवस्था आहे. ‘माहिती गोळा करण्यात येत असून ती पटलावर ठेवली जाईल’ किंवा ‘या सूचनेचा विचार करू’ अशा वाक्यांची नोंद १९५३ पासून अस्तित्वात असलेली आश्वासन समिती घेते, आणि सामान्यतः तीन महिन्यांत त्यांची पूर्तता झाली की नाही हे तपासते. म्हणून अर्थखात्याच्या उत्तरांत अलीकडे ‘विचार करू’ हे शब्द दुर्मीळ झाले असतील तर त्याचे आश्चर्य वाटू नये.

ही सारी उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि आपल्या मतदारसंघातील खासदाराला आपल्या बँकेविषयी प्रश्न विचारण्याची विनंती करण्यास एक साधे पत्र पुरते. तोपर्यंत वाचकांनी कायद्याने दिलेली हमी नीट समजून घ्यावी. पाच लाखांची मर्यादा एका माणसाला एका बँकेत आहे. तीत मुद्दल आणि व्याज दोन्ही आले, आणि त्या बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी एकत्र मोजल्या जातात. दोन वेगळ्या बँकांतील ठेवींना मात्र ती स्वतंत्रपणे लागू होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्या पतसंस्थांत महाराष्ट्रातील लाखो कुटुंबांची रक्कम ठेवलेली आहे, त्या बँका नव्हेत. त्यांतील ठेवींना ठेव विमा महामंडळाच्या हमीचा एक रुपयाही मिळत नाही, आणि राज्यात नोंदलेली अशी एखादी पतसंस्था बुडाली तर तिच्याविषयीचा प्रश्न दिल्लीत अर्थमंत्र्यांना नव्हे, तर मुंबई-नागपूरच्या विधानमंडळात सहकारमंत्र्यांना विचारावा लागतो.